मामंजींचा डावा हात

आमच्या घरात लग्न ठरलं की सगळ्यांत आधी पेटी खाली उतरते. हॉल, केटरर, कपडे हे सगळं मागाहून. कारण आमच्याकडे मंगलाष्टकं भटजींच्या भरवशावर सोडत नाहीत. दर लग्नाला नवी कडवी रचायची, ती माझ्या नणंदेनं म्हणजे वन्संनी गायची, आणि अंतरपाटाच्या उजव्या बाजूला बसून मामंजींनी पेटीची साथ करायची. मामंजी म्हणजे माझे सासरे. हा शब्द आता पुण्यातसुद्धा कोणी वापरत नाही म्हणे, पण देवासच्या आम्हा जुन्या मराठी घरांत अजून चालतो. मुलगी पुण्यात नोकरीला गेली तेव्हा तिच्या मैत्रिणी ऐकून हसल्या होत्या. हसू देत.

गेल्या वर्षी मामंजींना अर्धांगाचा हलका झटका आला. जीभ महिन्याभरात ताळ्यावर आली. ती येणारच होती, तिला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. चालणंही सुधारलं. पण उजव्या हाताची बोटं काही ऐकेनात. जेवण डाव्या हातानं, चमच्यानं. पेटीवर खोळ चढली ती चढलीच. आणि त्यातच मुलीचं लग्न ठरलं. मुलगा धारचा, माझ्या माहेरगावचा. मुलीचा फोन आला, "आई, आजोबांची पेटी पाहिजे म्हणजे पाहिजे. नहीं तो मैं कोर्ट मैरिज कर लूँगी."

आता वाजवणार कोण? मला येतं वाजवायला. शाळेत मी फिजिक्स शिकवते, पण प्रार्थनेला आणि वार्षिकोत्सवाला कीबोर्डवर मीच असते. घरीसुद्धा एक बऱ्यापैकी सिंथेसायझर घेऊन ठेवला आहे. पण मी पडले मुलीची आई. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं. तिनं मागे जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. का, तर तिला बघवणार नाही म्हणून. पोरीला जन्म देताना बघवलं, बारा वर्षं तिच्या परीक्षा बघवल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही. पण असो. पद्धत ती पद्धत, आणि ऐन लग्नात मी काही क्रांती करणार नव्हते.

म्हणून मी ठरवलं की आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं. सिंथेसायझरमधून तीन आवाजांचे थर लावायचे. एक पेटीसारखा, एक व्हायोलिनच्या ताफ्यासारखा, आणि खाली सतत धरलेला खर्ज. हे मी जेवताना सांगितलं. मामंजींनी चमचा ताटात ठेवला.

"मशीन वाजणार असेल तर मी मांडवात येणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, असं काय करता? नातीचं लग्न आहे," आमचे हे म्हणाले.

"अक्षता घरून टाकीन."

मामंजींच्या नाकावर राग असतो हे खरं, पण बोललेलं ते फिरवत नाहीत हेही खरं. आजोबांची पेटी नाही हे एक वेळ मुलीला समजावता आलं असतं. आजोबाच नाहीत हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

तरी मी सुरुवात केली. दुसरं करणार काय. दुपारी शाळेतून आले की पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, वायर जोडायची आणि बसायचं. आमचं घर देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, दिवसभर भाविकांच्या गाड्या आणि हॉर्न. पण त्याचा त्रास नव्हता, कारण आवाज वायरीतून थेट लॅपटॉपमध्ये जातो. सॉफ्टवेअर तिन्ही थर वेगवेगळ्या ट्रॅकवर लिहून घेतं. मी पायाखालच्या पेडलनं आवाज कमी-जास्त करत वाजवायची. सूर बरोबर, लय बरोबर, आणि ऐकायला बसलं की लिफ्टमध्ये लागतं ना तसलं काहीतरी. चार दिवस मी तेच ते वाजवत होते. पाचव्या दिवशी आतल्या खोलीतून आवाज आला.

"सूनबाई, मेलंय ते."

डोकं फिरलं होतं, पण खरं होतं.

"पाय कशाला मध्ये आणतेस? पेटी काय पायानं वाजते?" असं म्हणत ते स्वतःच काठी टेकत बाहेर आले. सिंथेसायझरच्या डाव्या अंगाला तीन स्लाइडर आहेत, एका थराला एक. वर सरकवला की तो थर मोठा होतो, खाली ओढला की बारीक. ते बघून मामंजी खुर्ची ओढून डाव्या बाजूला बसले. "तू पट्ट्या सांभाळ. हवेचं मी बघतो."

मी वाजवायला लागले. आणि त्यांनी काय केलं असेल? जन्मभर जे केलं तेच. भाता मारला. स्लाइडर वर, खाली, वर, खाली, एका लयीत. पेटीत भाता मारला की हवा साठते आणि सूर अखंड राहतो. इथे तो प्रत्येक वेळी वर उसळायचा आणि बुडायचा. ऐकताना वाटायचं, सबंध वाद्यवृंदाला उचकी लागली आहे. मला हसू आलं. आवरायला हवं होतं, पण नाही आवरलं.

मामंजी उठले. "हसा तुम्ही," म्हणाले. ते मला एरवी तू म्हणतात, रागावले की अहो-जाहो सुरू होतं. आठवडाभर अहो-जाहो चाललं. "चहा ठेवता का?" "पेपर देता का?" एवढ्या मानानं मला लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणी वागवलं नव्हतं.

मग एका दुपारी मीच बोलले. "मामंजी, याला भाता नाही. हा नुसता आवाज आहे. हवा भरायची गरजच नाही."

"मग हवा कोण भरतं?"

"लाइट."

त्यांनी उभ्याउभ्याच एक स्लाइडर सावकाश वर-खाली करून पाहिला. "म्हणजे हे भात्याचं काम नाही," शेवटी म्हणाले, "हे गळ्याचं काम आहे." आणि खुर्चीत बसले. माझ्या शाळेतल्या पोरांना एवढी गोष्ट समजवायला मला तीन पिरियड लागले असते.

त्यानंतर आमचं काम खरं सुरू झालं. आधी मी पट्ट्या एकदाच नीट वाजवून रेकॉर्ड केल्या. मग ते वाजवलेलं चालू करायचं आणि मामंजींनी ऐकत ऐकत एकेका थराचा आवाज स्लाइडरनं चालवायचा. त्यांचा हात हलेल तसा सॉफ्टवेअर तो लिहून घेणार. मला वाटलं ते पेटीच्या थरापासून सुरुवात करतील. नाही. "आधी खर्ज," म्हणाले. "घर बांधताना आधी छत घालतेस का?" मग व्हायोलिनं, आणि पेटी सगळ्यांत शेवटी. वन्सं इंदूरला असतात, त्यांनी कडवी मोबाइलवर गाऊन पाठवली होती. तो मोबाइल मी त्यांच्या कानाशी धरायची आणि मामंजी डावा हात चालवायचे. शब्द आले की साथ खाली, शब्द संपून अक्षता पडायला लागल्या की साथ वर, कारण त्या गोंगाटात सूर हरवला तर गाणारीला पुढचं कडवं कुठून उचलायचं ते सापडत नाही. हे मला माहीत नव्हतं. इतकी लग्नं मी ती पेटी ऐकली, पण ती अशी कामाला लागलेली असते हे कधी लक्षात आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग म्हटल्यावर त्यांनी घरात कर्फ्यू लावला. पंखे बंद. कुकर लावायचा नाही. ह्यांना एकदा ठसका लागला तर मामंजींनी असं बघितलं की बिचारे खोकायला अंगणात जाऊन उभे राहिले. दूधवाला दारात "भिया, दूध!" (आमच्याकडे भैयाचं भिया होतं) म्हणून ओरडला तर सबंध थर परत घ्यायला लावला. मायक्रोफोन नव्हताच हो कुठे! वायरीतून जाणाऱ्या आवाजाला कुकरच्या शिटीचं काय? पण मी सांगितलं नाही. वर्षभरानं त्या माणसाचा घरात दरारा परत आला होता, तो मी कशाला घालवू? आम्ही घामाघूम होऊन बसायचो आणि डाळ संध्याकाळी शिजायची.

आणखी एक खोड होती. कडवं संपलं की ते स्लाइडर अगदी तळाला नेऊन ठेवायचे. पेटी वाजवून झाली की भाता दाबून बंद करतात, खटका लावतात, तसं. सॉफ्टवेअर बापडं तेही लिहून घ्यायचं, आणि पुढचं कडवं सुरू केलं की आवाजच नाही. पहिल्यांदा मी वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला, दुकानवाल्याला फोन लावला. मग कळलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "भाता उघडा टाकून उठायचं? उंदीर शिरतात." उंदरांपुढे मी हात टेकले. प्रत्येक कडव्याच्या आधी मीच गुपचूप स्लाइडर वर करायला लागले.

तीन आठवड्यांत तिन्ही थर झाले. एकदा सगळं सलग लावून ऐकलं आणि मला भरून आलं, सरळ सांगते. ते मशीन वाटतच नव्हतं. त्या रात्री जेवताना मामंजींनी लग्नासाठी धारला जायच्या गाडीत कोण कुठे बसणार ते विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

आणि मग मी माती खाल्ली.

लग्नाला तीन दिवस होते. मी सगळं शेवटचं तपासत होते. मामंजींच्या हाताची हालचाल सॉफ्टवेअर रेघ काढून दाखवतं, आलेख असतो तशी. आणि त्या रेघेला जागोजाग बारीक दाते होते, करवतीसारखे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन-तीन. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, अरे देवा, डावा हातही कापायला लागला वाटतं. लोकांच्या लक्षात येईल, कुणीतरी काहीतरी बोलेल, मामंजींना लागेल. वीस वर्षं मी पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत आले आहे. बिंदू वाकडेतिकडे आले की मी सांगते, बेटा, बिंदू जोडत बसू नको, मधून साफ रेघ काढ. तेच केलं. सॉफ्टवेअरमध्ये रेघ गुळगुळीत करायचं बटण आहे. तिन्ही थर निवडले, बटण दाबलं, त्याच फाइलवर सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला. वर स्वतःवर खूश झाले की म्हाताऱ्याची अब्रू राखली.

दुसऱ्या दिवशी वन्सं इंदूरहून आल्या. त्यांना ऐकवायचं म्हणून लावलं. पहिलं कडवं संपायच्या आत मामंजींनी हात वर केला.

"हे कुणी वाजवलंय?"

"तुम्हीच, मामंजी."

"मी नाही."

मी सांगितलं काय केलं ते. जे खरं ते सांगितलं. दाते होते, ते काढले.

"ते दाते नव्हते," मामंजी अगदी हळू बोलले, आणि ते हळू बोलले की मला जास्त भीती वाटते. "ही श्वास घेते तिथे साथीनं जरा पुढे व्हावं लागतं. नाहीतर ओळ उघडी पडते. तुम्हाला काय वाटलं? हात कापतो माझा?"

तेच तर वाटलं होतं.

"तुमचं मशीन तुम्ही वाजवा. मी येत नाही."

जुनी प्रत नव्हती. पोरांना रोज घसा फोडून सांगते की कॉपी काढून ठेवा, आणि मी बया त्याच फाइलवर सेव्ह करून बसले होते. परत रेकॉर्ड करू म्हटलं तर म्हणाले, "हात म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला?" वन्संनी समजावलं, ह्यांनी समजावलं. मी शेवटी त्यांच्या खोलीत जाऊन पाया पडले. नवी सून असताना पडले असेन तेवढंच, त्यानंतर त्या घरात कुणी कुणाची अशी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. "चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही वाजवत होतात आणि मी तुम्हाला पेशंट समजले." त्यांनी पेपर वर धरला.

मग मला एकच सुचलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. स्लाइडरला कुणी हात लावला नाही तर आधी लिहिलेला आवाज आपोआप चालतो, आणि हात लावला की त्या क्षणापासून हाताचं ऐकतो. मी तशी मांडणी केली. पट्ट्या माझ्या, रेकॉर्ड केलेल्या. आवाज, कुणी हात लावला तर त्याचा, नाही तर त्या गुळगुळीत रेघेचा. हे मी मामंजींच्या बंद दाराबाहेर उभी राहून सांगितलं. "सिंथेसायझर बरोबर घेते आहे. अंतरपाटाच्या उजव्या बाजूला ठेवते. खुर्चीही ठेवते. बस, एवढंच." आतून पेपर उलटल्याचा आवाज आला.

धारला ते आले खरे. वन्संनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. पण आल्यापासून त्यांनी लग्नाच्या गार्डनमधली, म्हणजे कार्यालयातली, मागची एक खोली धरली ती सोडेनात. मी मांडवात वायरी जोडत होते तर साउंडवाला भिया माझ्या मागे उभा. "मैडम, पेन ड्राइव दे दो ना, अपन चला देंगे. ये कुर्सी किसके लिए खाली रखी है?"

"रहने दो," मी म्हटलं. "तुमको जो बोला है वो बटन दबाना, बाकी हाथ मत लगाना."

मुहूर्त जवळ आला. हे घाम पुसत आले. मी विचारलं, "मामंजी?"

"खोलीत. बनियनवर."

मुलगी गौरीहराशी बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "आजोबा?" मी म्हटलं, "तयार होतायत." खोटं बोलले. तेवढ्यात मामा तिला न्यायला आला आणि भटजींनी मला मागे पिटाळलं.

गार्डनच्या मागे केटरिंगवाल्यांची भट्टी, तिच्याजवळ प्लास्टिकच्या कुंडीत तुळस ठेवली होती. मी तांब्या घेऊन बसले. मध्ये कनात, पलीकडचं काही दिसत नव्हतं. खर्ज सुरू झाला, वन्संचा आवाज आला. पहिलं कडवं. ती गुळगुळीत रेघ मला पाठ होती. जशीच्या तशी चालली होती. दुसरं कडवं, तसंच. नाही आले. म्हटलं, बाई, तुझी हौस आणि तुझी अक्कल, घे आता. राग येत होता, त्यांचा थोडा, माझा पुष्कळ. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

तिसरं कडवं आजोबा-आजीवर होतं. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली. वन्संनी दोन ओळी गायल्या आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला त्यांचा आवाज फुटला. थांबल्याच. आणि माझ्या पट्ट्या तर रेकॉर्ड केलेल्या, त्या कुणासाठी थांबणार? त्या आपल्या पुढे निघाल्या. मी डोळे मिटून घेतले.

आणि पेटी गेली. एकदम नाही, हळूहळू, खाली खाली. तिच्या मागोमाग व्हायोलिनं. नुसता खर्ज उरला, आणि तो मात्र वाढला. वन्संची अख्खी ओळ हुकली, पण मांडवात कुणाला ती हुकल्याचं कळलं नसेल, कारण पुढे निघालेली पेटीवरची ओळ ऐकूच येत नव्हती. पुढची ओळ यायच्या जरा आधी पेटीनं डोकं वर काढलं. थोडंसं. दोन बारीक धक्के दिले, चल, चल म्हणाल्यासारखे. वन्संनी श्वास घेतला आणि ओळ उचलली.

कनात बाजूला करून हे धापा टाकत आले. मुलीचा बाप, ऐन मंगलाष्टकांत मांडव सोडून.

"अगं," ते म्हणाले, "बाबा..."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "ऐकू द्या मला."